झोपेला नाक नसते

आमच्या धडगावात धुराला कोणी भीत नाही. सातपुड्याच्या डोंगरात वसलेल्या या गावात धूर म्हणजे घरात माणूस असल्याची खूण. संध्याकाळी पाड्यापाड्यांवरून धूर उठू लागला की कोणाची चूल पेटली आणि कोणाची अजून पेटायची आहे, ते लांबूनच कळते. थंडीतल्या शेकोट्या, उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरउतारावर लागणारे वणवे आणि बारमाही चूल अशा तीन धुरांत इथली पोरे वाढतात. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे सिलिंडर डोंगर चढून वर आले खरे, पण गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी अशी वाटणी पुष्कळ घरांत अजूनही आहे. तेव्हा धूर लागताच ओरडणारे यंत्र आम्ही घराच्या छताला लावणार आहोत ही बातमी बाजारात फुटल्यावर लोक हसले, यात नवल नव्हते. 'मास्टर, पहले चूल्हे को समझाओ,' असा सल्ला शेजारच्या चाचांनी दिला.

गोष्ट हसण्यासारखी आहे हे आम्हांलाही मान्य. तरी आम्ही ते यंत्र आणले आणि लावले. त्याची हकीकत सांगण्याआधी आमचे घर कसे आहे ते सांगायला हवे, कारण हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे घर जवळपास तसेच असणार.

खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकान भाईजानचे, कापडाचे. पुढे लोखंडी शटर, आत छतापर्यंत रचलेले गठ्ठे, मागच्या भिंतीलगत लाकडी जिना. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि डोक्यावर पत्रा. या दोन खोल्यांत अब्बा, अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची तीन मुले आणि सुटी असली की आम्ही. रात्री शटर आतून बंद होते, त्याला कुलूप लागते आणि किल्ली भाईजानच्या उशाखाली जाते. मागच्या खिडकीला चोरांच्या धाकाने बसवलेले जाड गज आहेत. खाली उतरायला जिना एकच आणि तो उतरतो थेट कापडात. अशा घराचे फायदे आम्हांला ठाऊक आहेत. भाडे एकच पडते, दुकानाची राखण होते, दुपारी जेवायला गल्ला सोडून लांब जावे लागत नाही. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, कुठेही जा, आपल्यातला लहान व्यापारी, शिंपी, बेकरीवाला असाच राहतो.

३ एप्रिल २०२४. रमजानचा तेविसावा रोजा. त्या पहाटे, सहरीच्या सुमारास, औरंगाबादच्या म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात दाणा बाजारातल्या एका शिलाई-कापडाच्या दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर आणि वर कुटुंबे राहत होती. त्यांतल्या एकाच कुटुंबातली ७ माणसे गेली: दोन पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन लहान मुले. इलेक्ट्रिक दुचाकीच्या चार्जिंगमुळे आग लागल्याचे त्या वेळी बोलले गेले. आम्हांला मात्र त्या बातमीतली दुसरीच ओळ झोपू देईना. हे कुटुंब जिथे झोपले होते त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आग पोहोचलीच नव्हती. ती माणसे भाजून गेली नाहीत, गुदमरून गेली, असे पोलीस आयुक्तांनी प्राथमिक तपासावरून सांगितले होते. आग खाली, माणसे वर, आणि मधल्या जिन्याने धूर चढलेला. ताक रात होती, रात्र इबादतीची होती. अशा रात्री कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात माणसे उशिरापर्यंत जागी असतात आणि सहरीलाही जाग असते. त्या जागेपणाच्या कडेला ही ७ माणसे झोपेत गेली.

त्या दिवसापासून अशा बातम्या आमच्या नजरेत भरू लागल्या. ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत, पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या कुटुंबातले चौघे गेले. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या एका कुटुंबातले ७ जण गेले. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना पेटला. कारखान्याच्याच आवारात राहणारे मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार मिळून ८ जण गेले. त्यांत दीड वर्षाचे मूल होते. ही कुटुंबे एका जातीची नाहीत, एका धर्माची नाहीत. चारही ठिकाणी वेळ मात्र रात्र सरता सरताची आणि धंदा व बिऱ्हाड एकाच छपराखाली.

असे का होते, हे आम्ही समजून घेतले. आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो, त्याचा एवढा उपयोग व्हायला हवा.

जागेपणी आपले नाक फार तेज असते. दूध उतू गेल्याचा वास मोरीतल्या माणसाला येतो. पण झोपेला नाक नसते. गाढ झोपेत कान चालू राहतात, वास मात्र माणसाला जागा करत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला तर रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस आणखी गाढ झोपतो, आणि जागा झालाच तर पाय उचलत नाहीत. त्यात आपल्या दुकानांत सुती कापड किती राहिले? पॉलिस्टर, रेग्झीन, फोम, प्लास्टिकच्या पिशव्या. यांचा धूर काळा, दाट आणि चुलीतल्या लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त विषारी. चुलीचा धूर डोळ्यांत जातो, हा छातीत जातो. आमच्या धडगावकरांना पहिल्या धुराची सवय आहे आणि त्या सवयीमुळे दुसऱ्याची धास्ती वाटत नाही, असे आमचे मत झाले आहे.

अब्बांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, 'बेटा, मौत का वक्त मुकर्रर है. बाजा बजाने से आगे-पीछे नहीं होता.'

अब्बांशी वाद घालायची आमच्या घरात रीत नाही. पण बुखारी शरीफ त्यांनीच आम्हांला लहानपणी वाचून दाखवलेली आहे, त्याचा आधार घेतला. मदिन्यात एके रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळाले. ती खबर रसूलुल्लाह (स.) यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी आगीला माणसाची दुश्मन म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायची ताकीद दिली. हजरत अबू मूसा अशअरी (र.) यांची ही रिवायत आहे. दुसऱ्या एका रिवायतीत तर कारणसुद्धा आले आहे: उंदीर पेटत्या दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. विजेच्या शिलाई यंत्रांच्या, चार्जरच्या, इन्व्हर्टरच्या कितीतरी आधी घरातल्या आगीचा इतका बारीक विचार आपल्याकडे झालेला आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा ही गोष्ट आपण प्रत्येक तकरीरीत ऐकतो. अब्बा स्वतः रोज रात्री उठून रेग्युलेटर बंद आहे का, शटरचे कुलूप नीट बसले का, हे दोनदा पाहतात. ते तकदीरीच्या विरुद्ध जाते असे त्यांना कधी वाटले नाही.

आता प्रश्न असा की झोपण्यापूर्वी आग विझवा म्हटले तर आज विझवायचे काय? दिवा फुंकर घातली की विझत असे. आज आपण झोपतो तेव्हा फ्रीज चालू असतो, इन्व्हर्टर चालू असतो, तीन मोबाइल चार्जिंगला असतात, मच्छरांची कॉइल गादीशेजारी धुमसत असते, आणि खाली दुकानात कोणाची इलेक्ट्रिक गाडी रात्रभर प्लगला लावलेली असते. वात ओढणारा उंदीरही गेलेला नाही, तो आता वायरी कुरतडतो. त्यातले जे बंद करता येते ते आम्ही बंद करायला लावले. गाडी दुकानात, जिन्याच्या तोंडाशी चार्ज करायची नाही, माणूस जागा असताना आणि उघड्यावर करायची, एवढ्या एका गोष्टीवर भाईजानशी आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. पण फ्रीज काही रोज रात्री बंद करता येत नाही. जे विझवता येत नाही त्यावर पहारा लागतो आणि पहारेकरी असा हवा की जो स्वतः झोपत नाही.

हे यंत्र म्हणजे तोच पहारेकरी. बशीएवढी पांढरी डबी. तिच्यात काय असते ते मुलांना आम्ही कवडशाने समजावले. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा खोलीत पडतो, पण हवा स्वच्छ असेल तर त्याची वाट दिसत नाही. चूल पेटली आणि धूर त्या वाटेत आला की उजेडाची सरळ काठी दिसू लागते. धुराच्या कणांवर आपटून उजेड बाजूला विखुरतो म्हणून. टिंडल परिणाम म्हणून हा भाग पाठ्यपुस्तकात येतोच. डबीत हेच घडते. आत अंधारी कोठडी, एका बाजूने उजेडाची तिरीप आणि तिच्या वाटेत न येईल असा बसवलेला एक डोळा. धूर नसताना त्या डोळ्याला काही दिसत नाही. धूर शिरला की उजेड विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि डबी किंचाळते. याला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात.

दुसरी एक जात आहे, आयनायझेशनची. तिच्यात अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर अंश असतो. या जातीच्या जन्माची गोष्ट गमतीची आहे. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर जेगर नावाचे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होते. यंत्र काही केल्या दाद देईना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला, असे सांगतात. घरात लावायची, बॅटरीवर चालणारी डबी पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्वेन पिअर्सल यांनी आणली. आयनायझेशनची डबी भडकत्या ज्वाळेची आग लवकर ओळखते. फोटोइलेक्ट्रिक डबी धुमसत्या आगीला, म्हणजे कापसाची गादी, कापडाचा गठ्ठा, सोफा यांच्यात तासन्‌तास आत दबून राहणाऱ्या आगीला, आधी ओळखते. शिवाय फोडणीच्या धुराने ती उगीच ओरडण्याचे प्रमाण कमी. कापडाच्या दुकानावर झोपणाऱ्यांनी फोटोइलेक्ट्रिकच घ्यावी, यात आम्हांला दुमत दिसत नाही.

आपल्याकडे लहान घरांना अशा यंत्राची सक्ती नाही, म्हणून ते गल्लीच्या इलेक्ट्रिक दुकानात मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून घर भाड्याने देणाऱ्या मालकाला राहत्या प्रत्येक मजल्यावर एक अलार्म लावणे बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची आकडेवारी सांगते की तिथे घरातल्या आगीत मरणाऱ्या दर पाचांतले सुमारे तिघे अशा घरांतले असतात जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण बिघडलेला होता. आम्ही आमची डबी ऑनलाइन मागवली. ती शहाद्यापर्यंत आली आणि तिथून पुढे ओळखीच्या माणसाबरोबर एस.टी.ने घाट चढून वर. घेताना खोक्यावर युरोपातले ईएन १४६०४ किंवा अमेरिकेतले यूएल २१७ हे मानक छापलेले आहे का ते पाहिले. नुसते 'स्मोक सेन्सर' लिहिलेल्या, मानकाचा पत्ता नसलेल्या स्वस्त डब्या पुष्कळ आहेत. कार्यालयांत छताला असतात त्या डब्या वेगळ्या. त्या मध्यवर्ती पॅनलला तारेने जोडलेल्या असतात आणि एकट्या आणून लावल्या तर वाजत नाहीत, तेव्हा घरासाठी घेताना डबीतच भोंगा आहे ना, हे विचारावे. डोंगरात वादळ-पावसात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नाही, म्हणून नुसत्या विजेवर चालणारी आम्ही घेतली नाही. काहींत दहा वर्षे टिकणारी सीलबंद बॅटरी असते. आमच्या डबीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ती धडगावात फक्त माइक-लाउडस्पीकरवाल्याकडे मिळाली. डबी स्वतः दहा वर्षांनी बदलायची असते, मग ती वाजत असली तरी.

खरी गंमत लावताना झाली. पहिल्यांदा भाभींच्या हट्टाने स्वयंपाकघरात लावून पाहिली, कारण आग म्हणजे स्वयंपाकघर असे सगळ्यांनाच वाटते. दालच्याला बघार दिला आणि डबीने मोहल्ला गोळा केला. खरे तर चुलीपासून किंवा शेगडीपासून ती निदान दहा फूट लांब हवी. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारे यंत्र असते, ते निराळे. गॅसगळती ओळखणारेही निराळे: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून ते जमिनीलगत लावतात, आणि धूर तापून वर जातो म्हणून हे छताला. मग एक डबी आम्ही जिन्याच्या माथ्यावर, झोपायच्या खोल्यांच्या तोंडाशी लावली. धूर वर येणार तो तिथूनच. दुसरी, पहिलीशी बिनतारी जोडलेली, खाली दुकानात. खालची वाजली की वरचीही वाजते. हे महत्त्वाचे, कारण शटरबंद दुकानातला आवाज वर पंख्याच्या घरघरीत विरून जातो. पत्र्याला अगदी चिकटवून मात्र लावली नाही. मे महिन्यात पत्र्याखाली जी भट्टी असते ती यंत्रालाही सोसत नाही. काही डब्यांवर तापमानाची मर्यादा ३८ अंशच लिहिलेली असते. पंख्याच्या झोतातही लावू नये, धूर तिथवर पोहोचण्याआधीच उडून जातो.

जुमेरातीच्या संध्याकाळी अम्मी लोबान फिरवते. पहिल्याच जुमेरातीला डबी ओरडली. अम्मी दचकून म्हणाली, 'या अल्लाह, इसको लोबान भी नहीं चलता?' तेव्हापासून धूपदान जिन्याच्या माथ्यापाशी थांबवायचे नाही, एवढा करार झाला. नंदुरबारकडून वर्षाची लाल मिरची आली आणि ती वर कुटायला घेतली त्या दिवशीही तेच. बारीक धूळ आणि धूर यांतला फरक त्या डोळ्याला कळत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत बॅटरी काढून ठेवतात आणि ती पुन्हा बसवायची राहून जाते. आमच्याकडे नियम असा आहे की बॅटरी काढायची नाही, खिडकी उघडायची आणि डबीखाली टॉवेलने वारा घालायचा. धाकट्या पुतण्याला हे काम फार आवडते.

महिन्यातून एकदा डबीवरचे बटण दाबून ती वाजते का पाहायचे असते. इंग्रजी तारीख कोणाच्या ध्यानात राहात नाही, म्हणून आम्ही ते चांदरातीला बांधले. दर महिन्याचा चांद दिसला की पुतण्या काठीने बटण दाबतो. अधूनमधून एकच 'टिक' असा चिमणीसारखा आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली असे समजायचे. अब्बा आता चांद दिसल्यावर स्वतःच विचारतात, 'बाजा बजाया क्या?'

पण नुसता बाजा वाजून काय होणार? यंत्र उठवते, बाहेर काढत नाही. धूर भरू लागल्यावर हाती दोन-तीन मिनिटे असतात आणि तेवढ्या वेळात उशाखालची किल्ली शोधून, जिना उतरून, कुलूप उघडून शटर वर करायचे, हे शक्य नाही. खाली आग असेल तर जिनाच नाही. म्हणून एका सुटीच्या दिवशी आम्ही सगळ्यांना बसवून विचारले, रात्री तीन वाजता हे वाजले तर कोण काय करणार? भाईजान म्हणाले, आधी खाली जाऊन पाहू. हे सर्वांत वाईट उत्तर. जिन्याचे दार उघडले की धूर वर. दार बंद करून, फटीत ओली चादर कोंबून मागच्या खिडकीशी जायचे. धूर वर साचतो आणि जमिनीजवळ थोडी चांगली हवा राहते, तेव्हा खाली वाकून, रांगत. लहान मुलांना अलार्मच्या तीक्ष्ण आवाजाने जाग येतेच असे नाही, हे संशोधनाने दिसलेले आहे, म्हणून कोणत्या मुलाला कोणी उचलायचे ते आधी ठरलेले हवे. भाभी म्हणाल्या, दागिन्यांचा डबा घेऊ. अम्मी काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, 'ऐसे कपड़ों में बाहर कैसे जाऊँगी?'

हे ऐकून आम्ही गप्प झालो. हा प्रश्न एकट्या आमच्या अम्मीचा नाही. ११ मार्च २००२ ला मक्केतल्या एका मुलींच्या शाळेला आग लागली आणि १५ मुली दगावल्या. अंगावर अबाया नाही म्हणून मुलींना बाहेर पडू दिले नाही, मदतीला आलेल्यांना अडवले, असा आरोप तेव्हा खुद्द सौदी वृत्तपत्रांनी तिथल्या धार्मिक पोलिसांवर केला. सरकारने तो नाकारला. पण त्यानंतर लगेच मुलींच्या शिक्षणाचा कारभार धार्मिक खात्याकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिला गेला. जीव वाचवणे फर्ज आहे आणि जीव धोक्यात असताना हरामाचीही सूट मिळते, हे आपल्या कोणत्याही आलिमाला विचारा. पण रात्रीच्या त्या दोन मिनिटांत मसला आठवत नाही, सवय आठवते. म्हणून आम्ही मसला सांगत बसलो नाही. मागच्या खिडकीशेजारी एक खुंटी ठोकली आणि तीवर दोन मोठ्या चादरी कायमच्या टांगल्या. अम्मीला तेवढे पुरले. किल्लीही उशाखालून निघून जिन्याच्या माथ्यावरच्या खिळ्याला आली. अंधारात हात जाईल अशी.

या सगळ्यानंतर मोहल्ल्यात आमची ख्याती 'धुआँ मास्टर' अशी झाली आहे आणि त्या ख्यातीच्या बळावर एक गोष्ट सांगायचे धाडस करतो. आपल्या मदरशांत एकेका हॉलमध्ये पन्नास-पन्नास, शंभर-शंभर मुले रात्री झोपतात. त्यांत आठ-नऊ वर्षांची, घर सोडून आलेली मुले असतात. शिस्तीसाठी रात्री दाराला बाहेरून कडी लावलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. कोणत्या ठिकाणी, ते सांगण्यात हशील नाही. मदरशाच्या इमारतीला संगमरवरी फरशी, मिनार, कमान यांसाठी देणारे हात कमी नाहीत. जकातीचा पैसा हकदाराच्या हाती मालकीने जायला हवा, तो अशा यंत्रांना लावता येत नाही हे आम्ही जाणतो. पण लिल्लाहच्या रकमेला अशी अट नाही. एका हॉलला दोन डब्या, आणि आतून उघडणारी दोन दारे. एका कमानीच्या खर्चात सगळ्या हॉलना पुरून उरेल. आमच्या ओळखीच्या एका मोहतमिमांना हे बोललो तेव्हा त्यांनी आधी हसून घेतले आणि मग डबीची किंमत विचारली. हजार-बाराशे सांगितल्यावर गप्प झाले. अजून लावलेली नाही, पण कडी मात्र आता बाहेरून लागत नाही.

पाड्यांवरच्या घरांचे काय, असे एका सहकाऱ्याने विचारले. तिथे या डबीचा उपयोग नाही हे स्पष्ट सांगायला हवे. कुडाच्या भिंती, एकच खोली, तिच्यातच चूल आणि तिच्यातच झोप. डबी दिवसातून चार वेळा ओरडेल आणि पाचव्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यात जाईल. धूर कुडातून आणि छपरातून वाट काढतो, पण छपराने पेट घेतला तर घर मिनिटांत जाते. तिथे रात्री निखाऱ्यांवर राख नीट दाबणे, चुलीवरच्या माळ्यावर सुकी लाकडे न रचणे, चारा घराला लागून न साठवणे, दाराशी पाण्याचे दोन हंडे भरून ठेवणे याच गोष्टी कामाच्या आणि त्या आमच्यापेक्षा तिथल्या म्हाताऱ्या बायांना जास्त कळतात. बाजारातली आपली पत्र्याची, स्लॅबची, शटर ओढून घेतलेली घरे पक्की म्हणून सुरक्षित, असा जो समज आहे तो खोटा. ती पक्की आहेत म्हणूनच धूर आत कोंडतो. घाटाखालच्या गावातून बंब बोलवायचा म्हटला, १०१ लागला आणि गाडी लगेच निघाली असे धरले, तरी ती सगळी वळणे चढून यायला जो वेळ लागेल तो आणि आपल्या हातातली दोन-तीन मिनिटे यांचा हिशेब जमत नाही.

मागच्या खिडकीचे गज मात्र तसेच आहेत. त्यांत आतून उघडणारे, बिजागरीचे लहान दार करून घ्यायचे ठरले आहे. वेल्डिंगवाला दोनदा माप घेऊन गेला. दार केले तर चोर त्यातूनच येईल, असे भाईजानचे म्हणणे आहे आणि कुलूप आत, किल्ली शेजारच्या खिळ्याला, असे आमचे. अब्बांनी परवा वेल्डिंगवाल्याला स्वतः फोन केला. ईदनंतर येतो म्हणाला आहे.